न बोललेलंच बरं

वसई, १४ जानेवारी १९९७

प्रिय सॅन्टन,

येशूची शांती. तुझं नाताळचं कार्ड नाताळ होऊन आठ दिवसांनी पोहोचलं. काल बाळयेशूची गव्हाणी आवरली तेव्हाच ते तिथून उचललं.

तुझ्या जॉनभावोजींची तब्येत बरी आहे, वाडीची नाही. विहिरीचं पाणी या वर्षी जानेवारीतच मचूळ लागायला लागलंय. पानवेलीची पानं कडेने करपली आहेत. तुझे भावोजी रोज सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घेतात, थुंकतात आणि निकोलसच्या घराकडे बघत उभे राहतात. त्याने प्लॉट पाडून विकायला बावखल बुजवलं त्याला मार्चमध्ये दोन वर्षं होतील. जॉन टायफॉइडने इस्पितळात होते आणि इथे दोन दिवसांत डंपरने भराव टाकून सगळं सपाट. सातबारा त्याच्या नावचा असेल, पण त्या तळ्याच्या पाण्यावर अर्ध्या आळीच्या विहिरी आणि वाड्या जगत होत्या.

आता मुख्य गोष्ट. निकोलसच्या शर्लीचं लग्न ठरलंय, ईस्टरनंतर. मुलगा मेलरॉय, पलीकडच्या गावचा, तुमच्या बहारीनलाच एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. त्याचे काकाही तिथेच बरीच वर्षं आहेत, तुझ्या ओळखीचे असतील. शर्लीच्या बाप्तिस्म्याला तिला हातात घेऊन मीच उभी होते, आठवतं ना? तू तेव्हा सातवीत होतास.

रविवारी मिस्सेनंतर क्रुसापाशी आळीची बैठक झाली. ठरलं की निकोलसच्या मांडवात कोणी पाय ठेवायचा नाही, भांडी द्यायची नाहीत, रांधायला बायकांनी जायचं नाही. एकजण म्हणाला, "त्याने आपलं पाणी तोडलं, आपण त्याची माणसं तोडू." सगळे आमच्याकडे बघायला लागले. जॉन म्हणाले, "आमचं दार बंद." मी काहीच बोलले नाही. माझं न बोलणं सगळ्यांनी होकारच समजलं.

मला झोप नीट लागत नाही. तुला काय वाटतं, लिही.

तुझी बाय,
सालोमी

मनामा, २ फेब्रुवारी १९९७

प्रिय सालूबाय,

पत्र मिळालं. वाचून काय बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्या आळीने पहिल्यांदा एकजुटीने काही केलं. तुला झोप का लागत नाही ते मला कळत नाही. झोप निकोलसला लागू नये.

त्या बावखलात मी पोहायला शिकलो. इथे वर्कशॉपमध्ये लाकूड तासताना कधी पाण्याच्या कडेच्या माडांचा वास आठवतो आणि मग आठवतं की ते माड पण गेले. तू तिथे राहून रोज बघतेस म्हणून तुला सवय झाली. मला नाही झाली.

मेलरॉयचे काका शुक्रवारी मिस्सेनंतर भेटतात. माणूस चांगला आहे. परवाच्या शुक्रवारी आपल्या आळीची चौकशी करत होते. जुजबी बोलणं झालं.

भावोजींना सांग, तुम्ही बरोबर केलंत. आणि तू धर्ममाता असलीस तरी बापाच्या कर्माला तू काय करणार?

कामाला ओव्हरटाइम आहे. तब्येत ठीक.

तुझा,
सॅन्टन

वसई, २० फेब्रुवारी १९९७

प्रिय सॅन्टन,

राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू झालाय, आणि आळीत मात्र सणासारखा आनंद आहे. शर्लीचा साखरपुडा व्हायचा होता तो मुलाकडच्यांनी पुढे ढकलला. "ईस्टरनंतर बघू," असा निरोप आला. बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. काल कोळणीच्या टोपलीभोवती दोघीतिघी हसत होत्या. "वर बसलाय तो बघतो," म्हणाल्या.

खोटं कशाला लिहू, ऐकलं तेव्हा मलाही आत कुठेतरी गोड वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

आज मधल्या सुट्टीत शर्ली शाळेत आली. मुलं डबे खात होती. ती दारातच उभी राहिली, आत येईना.

"मावशी, माझ्याबद्दल आळीत काय बोलतात?"

"तुझ्याबद्दल? काही नाही."

"खरं सांगा."

"अगं, तुझ्या पप्पांबद्दल बोलतात. तुझ्याबद्दल कोणी काही बोलायचं कारणच काय?"

"मग बहारीनला कोणी का सांगितलं की मुलीबद्दल न बोललेलंच बरं?"

मेलरॉयच्या काकांनी हे घरी कळवलंय. एवढंच वाक्य, पुढेमागे काही नाही. मुलाच्या आईला या वाक्यात काय काय दिसलं असेल ते तूच बघ. पोरगी शिवणाच्या क्लासला जाते, रविवारी चर्चमध्ये गाते आणि घरी येते. तिने मला विचारलं, "मी केलंय तरी काय, मावशी?" घंटा झाली, ती गेली.

सॅन्टन, तिथे आपल्या भागातली किती माणसं आहेत? तू सगळ्यांना ओळखतोस. हे कोण बोललं ते शोधून काढ आणि मला कळव.

तुझी बाय,
सालोमी

मनामा, ८ मार्च १९९७

प्रिय सालूबाय,

तुझं पत्र मिळालं. इथे थंडी संपत आली. आमचा कॅम्प बदलला, आता खोलीत सहाऐवजी चारच माणसं आहेत, पंखा चांगला आहे. मालकाने नवीन रंधा यंत्र आणलंय. पुढच्या आठवड्यात आगाशीचा एक माणूस सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर दूध पावडरचे दोन डबे, टॉर्च, भावोजींना शर्ट आणि तुला साबण पाठवतोय. शर्टाचं माप चुकलं तर सांग. विहिरीचं पाणी कसं आहे? पानवेल काढून दुसरं काही लावता येईल का, भावोजींना विचार. अबोली मचूळ पाण्यावर तग धरते का?

इथे माणसं भरपूर आहेत. कोण काय बोलतो कसं कळणार? तू फार मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
सॅन्टन

वसई, २२ मार्च १९९७

प्रिय सॅन्टन,

डबे, टॉर्च, शर्ट, साबण सगळं मिळालं. शर्ट बरोबर बसला.

मी चोवीस वर्षं शाळेत शिकवते. ज्या मुलाने काच फोडलेली असते तो मला पंखा, पाऊस, फळा, घरची म्हैस, सगळ्याबद्दल सांगतो. मी तुला एकच गोष्ट विचारली होती. तू बाकीच्या सगळ्यांची उत्तरं दिलीस.

ते वाक्य तू बोललास का?

हो की नाही, एवढंच लिही. तुझं नाव मी कुठेही घेणार नाही. आळीत नाही, शर्लीजवळ नाही, तुझ्या भावोजींजवळसुद्धा नाही. पण मला कळलं पाहिजे.

आणि एक. गेल्या रविवारी मी पुन्हा बैठक बोलवायला लावली आणि उभी राहिले. म्हटलं, "माझी पानवेल निकोलसने जाळली. तुमच्यापैकी कोणापेक्षाही माझं जास्त गेलंय. तरी मी शर्लीच्या लग्नाला जाणार, झालं तर. तळ्याची भरपाई मी पोरीकडून घेणार नाही." एक म्हातारा उठून गेला. घरी आल्यावर जॉन चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवण वाढलं की ताट ओढायचे आणि खाली बघून खायचे.

मी काही मोठी संत नाही. पण आपल्याकडे प्रत्येक लग्नात बायबलातला प्रीतीवरचा तो उतारा वाचतात ना, तो मी इतक्यांदा ऐकलाय की ऐकू येईनासा झाला होता. परवा घरी काढून वाचला. त्यात प्रीती काय करते ते थोडं आहे रे. काय काय करत नाही, तेच जास्त आहे: चिडत नाही, अपकार स्मरत नाही, अन्यायात आनंद मानत नाही. मी एक एक वाचत गेले आणि प्रीतीच्या जागी माझं नाव ठेवत गेले. दोन ओळींच्या पुढे जाता येईना.

उद्या झावळ्यांचा रविवार. तुझ्यासाठी प्रार्थना करते.

तुझी बाय,
सालोमी

मनामा, ४ एप्रिल १९९७

सालूबाय,

हो. मीच.

जानेवारीचा शेवटचा शुक्रवार होता. तुझं पत्र खिशात होतं. काकांनी विचारलं, "तुमच्याच आळीतली मुलगी आहे, घर कसं आहे?" मी म्हटलं, "बापाचं तर जाऊ द्या." ते म्हणाले, "आणि मुलगी?" मी म्हटलं, "मुलीबद्दल न बोललेलंच बरं." बस. शिवी दिली नाही, काही खोटं सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. पण बोलताना मला ठाऊक होतं. मी मुद्दाम आवाज खाली केला होता.

शर्लीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आलाच नाही, शप्पत सांगतो. निकोलसचा आला. त्याचं तोंड उतरलेलं मला बघायचं होतं. मी गेलो तेव्हा ती एवढीशी पोर होती, आता कशी दिसते तेही मला माहीत नाही.

आता मी काय करू? काकांकडे जाऊन सांगू की मी खोटा आहे? इथे आपली पन्नास माणसं आहेत. शुक्रवारी चर्चच्या आवारात उभं राहायला हीच एक जागा आहे मला. ती पण जाईल. कुमसारला गेलो होतो. फादरपुढे पाप कबूल केलं. ते म्हणाले, जे मोडलं ते जोडता येत असेल तर आधी ते जोड. मला जमत नाही.

तू तिथून काहीतरी कर ना. तू मुलाच्या आईला भेट. तुझं लोक ऐकतात.

सॅन्टन

वसई, १५ एप्रिल १९९७

प्रिय सॅन्टन,

तुझं पत्र वाचून मी मागच्या पडवीत जाऊन रडले. रागाने नाही. "हो" लिहिलंस म्हणून.

मी मुलाच्या आईकडे जाणार नाही. मी काय सांगू? मुलगी चांगली आहे म्हणून? ते तर तिची आई, तिची आत्या, कोणीही सांगेल. ते वाक्य ज्याने टाकलं त्यानेच ते उचललं पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या हाताला ते लागत नाही.

तुझी चूक मी उघडी करणार नाही, हे मी लिहिलंय आणि ते तसंच राहील. तू गेलास किंवा नाही गेलास तरी तुझी पत्रं मी घेईन आणि उत्तर देईन. हे लग्न मोडलं तरी तू माझा भाऊच. पण तुझ्या जागी मी जाणार नाही. तुला लहानपणी मास्तरांनी बोलावलं की तू मला पुढे करायचास. मी तेव्हा जायला नको होतं.

भीती मलाही वाटते. मी शर्लीच्या लग्नाला जाईन म्हटल्यापासून दोन घरांनी मला हाक मारायचं सोडलंय. जॉन बोलतात, पण कामापुरतं.

शर्ली काल आली होती. वजन उतरलंय. नुसती बसली, माझ्या वह्या तपासायला मदत केली आणि गेली. तुझं पत्र टेबलाच्या खणात होतं. ती त्या खणाला टेकून बसली होती.

आता तुझं तू ठरव.

तुझी बाय,
सालोमी

मनामा, २६ एप्रिल १९९७

प्रिय सालूबाय,

तुझं पत्र गुरुवारी आलं. काल शुक्रवार होता. मी गेलो.

मिस्सेनंतर काकांना बाजूला घेतलं. मेलरॉय पण बरोबर होता, ते एक बरं झालं, दोनदा सांगावं लागलं नाही. मी म्हटलं, "मुलीबद्दल मी जे बोललो त्याला काही आधार नव्हता. माझा राग तिच्या बापावर होता. मुलीत काहीही खोट नाही." काका म्हणाले, "तीन महिने माझ्या वहिनीच्या डोळ्याला डोळा नाही. तुम्हाला समजतंय का?" मी म्हटलं, समजतंय. ते म्हणाले, "नाही समजत," आणि चालायला लागले.

मेलरॉय तिथेच उभा राहिला. मला वाटलं मारतो. तो म्हणाला, "हे शर्लीला माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मी सांगणार नाही. ते तुम्हीच सांगा कधीतरी." मग त्याने विचारलं, "फोन बूथ कुठला उघडा असेल आत्ता?" मी त्याला घेऊन गेलो. तो आईशी बोलत होता तेवढा वेळ मी बाहेर उन्हात उभा होतो.

आज वर्कशॉपमध्ये दोघांनी माझ्याशी बोलणं टाळलं. काकांनी सांगितलं असणार. सांगू देत.

सॅन्टन

वसई, १ जून १९९७

प्रिय सॅन्टन,

लग्न झालं! २५ मेला, रविवारी. सगळं सांगते.

मेलरॉयच्या आईने फोननंतर दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवला. चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारली गेली. मग निकोलस घरोघर कार्डं घेऊन निघाला. आमच्याकडे आला तेव्हा जॉन ओट्यावर कोयत्याला धार लावत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"जॉन, पोरीचं लग्न आहे."

"ऐकलंय."

"यायचं तुम्ही दोघांनी."

"माझी पानवेल जळली. त्याचं सांग आधी."

निकोलसच्या हातातलं कार्ड तसंच राहिलं. मी बाहेर आले आणि ते घेतलं. म्हटलं, "मी येणार, शर्लीसाठी. पण निकोलस, बावखलाचं बोलणं संपलं असं समजू नकोस. मी ते सोडलेलं नाही. लग्न होऊ दे, मग बसू." तो म्हणाला, "बसू." दोन वर्षांत बावखलाबद्दल आमच्याशी बोललेला तो त्याचा पहिला शब्द असेल. गेला तेव्हा जॉन म्हणाले, "हे मला आवडलं. मला वाटलं तू सगळं माफ करून मोकळी होतेस." मी म्हटलं, "माफ करणं वेगळं, आणि झालंच नाही असं म्हणणं वेगळं."

आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणतात ना, त्यासाठी कॅथरिन, शर्लीची आई, कळशी घेऊन आमच्या फाटकात उभी. बरोबर बायका तीनच. वाजंत्रीवाले लाजल्यासारखे हळू वाजवत होते.

मी म्हटलं, "कॅथरिन, आमचं पाणी मचूळ आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कोणामुळे तेही माहीत आहे. म्हणूनच आले. गोड पाणी मागायला दुसरीकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी काही म्हणायच्या आत जॉन उठले. त्यांनी रहाटाची दोरी हातात घेतली आणि स्वतः पाणी शेंदून दिलं. कॅथरिनकडे बघितलं नाही, पण कळशी काठोकाठ भरली आणि तिच्या डोक्यावर चढवायला हातही लावला. मग वाजंत्री जरा जोरात वाजायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रांधायला गेले. मला वाटलं मी आणि कॅथरिन दोघीच असू. उजाडेपर्यंत सातजणी झाल्या. आळीतल्या बावीस घरांपैकी नऊ घरं लग्नाला आली. तेरा आली नाहीत. त्यांच्यावर मी रागावलेली नाही, त्यांच्याही विहिरी आहेत. जॉन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. मांडवात आले नाहीत, पण मी घरी आले तेव्हा विचारलं, "पोर रडली का?" मी म्हटलं, "खूप."

गुरुवारी निकोलस आणि जॉन बसले. पश्चिमेचा कोपरा अजून विकलेला नाही, तेवढा भराव काढून देतो, असं निकोलस म्हणाला. जॉन म्हणाले, कागदावर दे. अजून दिलेलं नाही. बघू.

शर्ली कागदपत्रं झाली की सप्टेंबरात येईल. तिथे तिचं नवऱ्याशिवाय कोणी नाही. तुझा पत्ता आणि वर्कशॉपचा फोन मी तिला लिहून दिलाय. म्हटलं, "काही लागलं तर माझ्या भावाकडे जा. चांगला आहे." तू विमानतळावर जा. मेलरॉयची ड्युटी कधी असेल सांगता येत नाही.

तुझी बाय,
सालोमी

मनामा, १९ सप्टेंबर १९९७

प्रिय सालूबाय,

काल शर्ली आली. मेलरॉयला सुट्टी मिळाली होती, तरी मी गेलो. तू सांगितलं होतंस म्हणूनच नाही. गेले तीन महिने मी हेच ठरवत होतो.

ती बाहेर आली तेव्हा मी ओळखलं नाही, तिनेच ओळखलं. म्हणाली, "तुम्ही सालूमावशीचे भाऊ ना? कपाळ तसंच आहे." मग लगेच सांगायला लागली, पप्पांनी पावसाआधी कोपऱ्यातला भराव काढायला घेतला, जॉनकाका रोज जाऊन उभे राहतात आणि खोली कमी आहे म्हणून भांडतात. मेलरॉय गाडी आणायला गेला. माझ्याकडे बघून गेला.

मी म्हटलं, "शर्ली, मला काही सांगायचंय." आणि सांगितलं. ट्रॉलीचा दांडा धरून, तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या मधे. ते वाक्य जसं बोललो होतो तसंच. कोणावर राग होता तेही. आवाज खाली केला होता तेही.

ती बॅगेवरची दोरी सोडत आणि बांधत राहिली. शेवटी तिने विचारलं,

"मावशीला हे माहीत होतं?"

"मार्चपासून संशय, एप्रिलपासून नक्की."

"आणि तिने मला तुमचा पत्ता दिला. चांगला आहे म्हणाली."

"हो."

ती रडली थोडी. म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही माझे ते तीन महिने कसे गेले." मी म्हटलं, "नाही, मला माहीत नाही." काकांनी मला ते सांगितलं होतं, तेव्हा पटलं नव्हतं. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा पटलं. मी हात जोडले. तिने ते खाली केले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. एवढ्या लवकर ते मागायचं नसतं, एवढं मला आता कळतं.

तेवढ्यात मेलरॉय गाडी घेऊन आला. शर्लीने डोळे पुसले, ट्रॉलीवरच्या सामानाकडे बघितलं. एक हलकी पेटी स्वतः घेतली, एक मेलरॉयच्या हातात दिली. उरली ती मोठी, मसाले आणि भांडी भरलेली, दोघांना उचलायला लागेल अशी.

"ही जड आहे," ती म्हणाली. "ही तुम्ही घ्या, मामा."

आत्ता पत्र लिहिताना खांदा दुखतोय. पुढच्या शुक्रवारी त्यांनी जेवायला बोलावलंय.

तुझा,
सॅन्टन